क्लास ह्या शब्दाची जात

(पिंपरीतल्या एका अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलंय. मधला चहा आणि टाळ्या तेवढ्या गाळल्या.)



संयोजकांनी मला विषय दिला होता 'अभिजात मराठी आणि आपण'. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी दिल्लीच्या मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषा ठरवलं. मग आपल्या भागात चौकाचौकात फ्लेक्स लागले. ज्यांनी आपली पोरं इंग्रजी शाळेत घातलीत त्यांचे फ्लेक्स सगळ्यात मोठे. असो. त्या दर्जाबद्दल मला भांडायचं नाही. मिळाला, बरं झालं. मला त्या शब्दाबद्दल बोलायचंय. दिल्लीच्या इंग्रजी कागदावर मूळ शब्द आहे 'क्लासिकल'. 'क्लासिकल' निघाला 'क्लास'मधनं. आणि 'क्लास' आला लॅटिनमधनं, रोममधनं. आपल्याला जातीचा दाखला काढायचा तर आज्या-पणज्याचे कागद मागतात. म्हटलं, आज आपण ह्या शब्दाकडे त्याचे कागद मागू.

मी लॅटिन शिकलेला पंडित नाही. आयटीआय झालेला फिटर आहे. पण कोश उघडायला कुणाचा गेटपास लागत नाही.

आधी हा शब्द आपल्या तोंडात कुठंकुठं आहे ते बघा. बारावीचा पोरगा म्हणतो, क्लासला चाललो. सदाशिव पेठेत कॉट भाड्याने घेऊन चार वर्षं स्पर्धा परीक्षा देणारा म्हणतो, होईन तर क्लास वनच होईन. चहा चांगला झाला की 'फर्स्टक्लास'. माणूस हलकट निघाला की 'थर्डक्लास'. आता रेल्वेने थर्डक्लासचा डबा १९७४ सालीच काढून टाकला, पण शिवी राहिली. डबा जातो, शिवी जात नाही, हे आपल्याला नवीन नाही. युनियनवाला म्हणतो 'वर्किंग क्लास'. राज्यघटनेच्या इंग्रजी मसुद्यात 'बॅकवर्ड क्लास'. एक शब्द, आणि शाळा, नोकरी, चहा, शिवी, मोर्चा, आरक्षण सगळीकडे हजर. असल्या शब्दावर माझा पहिल्यापासून संशय असतो.

माझा संशय जरा घरचा आहे. माझी आई झाडू खात्यात होती. कुठल्या गावच्या ते सोडा. तिच्या पगाराच्या कागदावर 'वर्ग ४' असं छापलेलं असायचं. मी तेव्हा चौथीच्या वर्गात. मला वाटायचं, मी चौथीत आणि आईपण चौथीत. फार भारी वाटायचं. मग मी पाचवीत गेलो, सहावीत गेलो. आई रिटायर होईपर्यंत चौथीतच राहिली.

आता कागदावर गट अ, ब, क, ड असं लिहितात. बोलताना अजून क्लास फोरच.

तर रोम. लॅटिन शब्द आहे 'क्लासिस'. रोमन परंपरा सांगते की इसवीसनाच्या आधी सहाव्या शतकात सर्व्हिउस टुल्लिउस नावाचा राजा झाला. हा रोमचा सहावा राजा. त्याने माणसं मोजली आणि त्यांच्या पाच क्लासिस केल्या. आजचे इतिहासकार म्हणतात की ही सगळी घडी त्याच्या एकट्याच्या काळात बसलेली नाही, ती हळूहळू बसली. पण घडी कशी होती ते लिव्ही ह्या रोमन इतिहासकाराने आकड्यांसकट लिहून ठेवलंय. 'अस' नावाचं तांब्याच्या जातीचं नाणं होतं. ज्याच्याकडे एक लाख असची मालमत्ता, तो पहिल्या क्लासचा. पंचाहत्तर हजारवाला दुसरा, पन्नास हजारवाला तिसरा, पंचवीस हजारवाला चौथा, अकरा हजारवाला पाचवा. मोजदाद कशासाठी? कर घ्यायला आणि लढाईला माणसं उभी करायला. पहिल्या क्लासने शिरस्त्राण, ढाल, चिलखत सगळं स्वतःच्या पैशाने आणायचं. पाचव्या क्लासने काय आणायचं? गोफण आणि दगड. आमची गावाकडची माणसं रोममध्ये असती तर पाखरं हाकायची गोफण घेऊनच उभी राहिली असती. तीसुद्धा पाचव्या क्लासमध्ये घेतलं असतं तर.

आता मतदानाची गंमत ऐका. रोममध्ये डोकी मोजून मत नव्हतं, गट मोजून होतं. एकूण गट १९३. त्यातले घोडेस्वार श्रीमंतांचे १८ आणि पहिल्या क्लासचे ८०. झाले ९८. म्हणजे बहुमत तिथंच संपलं. दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या क्लासला प्रत्येकी २०, पाचव्याला ३०. सुतार-लोहार आणि शिंगं-कर्णे वाजवणारे ह्यांचे मिळून चार. आणि ज्यांच्याकडे काहीच नाही अशा तमाम माणसांचा मिळून एक गट. एक! मतं वरून घ्यायला सुरुवात व्हायची आणि बहुमत झालं की थांबायची. म्हणजे वरचे एक झाले की खालच्यांना विचारायचीसुद्धा गरज नाही. खालचा माणूस सकाळपासून मैदानात उभा, आणि दुपारी त्याला सांगायचं, जा घरी, निकाल लागला.

'एक माणूस एक मूल्य' ही मागणी बाबासाहेबांनी का लावून धरली, ते ह्या १९३ गटांच्या हिशेबाकडे बघितल्यावर मला नीट कळलं.

'क्लासिस' ह्या शब्दाचं मूळ काय? जुने लेखक त्याचं नातं 'कालारे' ह्या क्रियापदाशी लावतात. कालारे म्हणजे हाकारा घालणं, मोठ्याने बोलावणं. 'कॅलेंडर' त्याच घरातला. महिन्याचा पहिला दिवस पुकारून सांगायचे, आणि त्याच दिवशी कर्जाचं व्याज द्यायचं असायचं, म्हणून लॅटिनमध्ये कालेंदारिउम म्हणजे सावकाराची वही. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून आपल्याला हप्त्याची तारीख आठवते, ते काही उगीच नाही. तर क्लासिस म्हणजे हाकारा घातल्यावर जमलेली माणसं. फौज. पुढं आरमारालाही हाच शब्द.

आता इथं जरा थांबा. आपल्या गावात हाकारा कोण घालायचं? दवंडी कोण द्यायचं? सारा भरायला या म्हणून कुणब्याच्या, पाटलाच्या दाराशी कोण जायचं? महार. चावडीवर बोलावणारा तो, साऱ्याचा पैसा तालुक्याला पोचवताना संगतीला चालणारा तो. सगळ्यांना मोजायला बोलावणाऱ्याला स्वतःला मात्र मोजणीत जागा नाही. रोममध्ये पहिल्या क्लासखालच्या सगळ्यांना एक शब्द होता, 'इन्फ्रा क्लासेम'. क्लासच्या खालचे. म्हणजे बघा, कागदावर क्लास पाच, पण खरा क्लास एकच. बाकी सगळे खालचे. हा जो 'इन्फ्रा' आहे, त्याच घरातला शब्द इंग्रजीत 'इन्फिरिअर'. आणि महारवतन ज्या कायद्याने गेलं तो मुंबई राज्याचा १९५८ चा कायदा, त्याच्या इंग्रजी नावात काय लिहिलंय? 'इन्फिरिअर व्हिलेज वतन्स'. बाबासाहेबांनी वतनाविरुद्ध मुंबई कौन्सिलात बिल मांडलं १९२८ साली. वतन जायला तीस वर्षं लागली, आणि जाताना कायद्याने आम्हाला लॅटिनमधनं 'खालचे' म्हणून निरोप दिला.

तो शेवटचा एक गट होता ना, काहीच नसलेल्यांचा, त्यांची नावं रोममध्ये दोन. एक 'कापिते केन्सी'. डोक्याने मोजलेले. ज्याच्याकडे मोजण्याजोगं दुसरं काही नाही, त्याचं डोकं मोजायचं. चाकणला ठेकेदाराकडे काम करणाऱ्या पोरांनो, हा शब्द ओळखीचा वाटतो का? सकाळी गेटवर सुपरवायझर फोनवर काय विचारतो? आज हेडकाउंट किती? तुझं नाव नाही विचारत, तुला काय येतं ते नाही विचारत. हेडकाउंट. दोन हजार वर्षांत लॅटिनचं इंग्रजी झालं, एवढाच फरक.

दुसरं नाव 'प्रोलेतारिउस'. हा शब्द तुम्ही सभेत ऐकलाय. मार्क्सने उचलला, सगळ्या जगात गाजला. त्याच्या पोटात शब्द आहे 'प्रोलेस', म्हणजे पोरंबाळं, संतती. ज्याच्याकडे राज्याला द्यायला पैसा नाही, घोडा नाही, ढाल नाही, फक्त पोरं आहेत, तो प्रोलेतारिउस. बरं, ह्या लोकांना लढाईतनं सूट होती. मग इसवीसनापूर्वी १०७ साली सैनिक कमी पडायला लागले, तेव्हा मारिउस नावाच्या सेनापतीने ह्या बिनमालमत्तेच्या लोकांनाही सरसकट भरती केलं. अडलं की आपली आठवण होते, ही रीत जुनीच.

पोरं देणारा. ह्या अर्थावर मी पुष्कळ दिवस अडकून पडलो होतो. कारण सांगतो. महाराष्ट्रात लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागेवर नोकरी मिळत आली आहे. आई झाडत होती, आता पोरगा झाडणार. आई रिटायर झाली तेव्हा आमच्या घरात तीन रात्री भांडण झालं. मी थोरला. मी म्हटलं, मी झाडू घेणार नाही, बाबासाहेबांनी सांगितलंय. आई म्हणाली, बाबासाहेबांनी उपाशी मरायला नाही सांगितलं. मी नाही घेतली जागा. धाकट्याने घेतली. आज तो पर्मनंट आहे, त्याचं दोन खोल्यांचं घर आहे, दवाखान्याचा खर्च मिळतो. मी चाकणच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या नावावर. घर भाड्याचं. तो झाडू मारतो हे त्याची पोरं शाळेत सांगत नाहीत. मी कंपनीत आहे हे माझी पोरं मोठ्याने सांगतात, पण फी भरायची वेळ आली की मी धाकट्याकडेच जातो. आता ह्यात कोण प्रोलेतारिउस, तुम्हीच ठरवा. जे लोक माईकवरनं सांगतात की वारसा हक्क ताबडतोब बंद करा, त्यांना मी एवढंच विचारतो, तुमच्या घरी पगार कुणाचा येतो? आणि जे म्हणतात वारसा हक्क हाच आमचा विजय, त्यांच्यापुढं मला माझी आई पहाटे पाचला कोपऱ्यावर उभी दिसते.

बरं. आता साहित्याकडे येतो, कारण हे मासिक साहित्याचं आहे आणि इथं अर्धे कवी बसलेत.

रोमची ही करवसुलीची भाषा साहित्यात कशी शिरली? इसवीसनाच्या दुसऱ्या शतकात औलुस गेलिउस नावाचा एक वाचनवेडा माणूस होता. त्याने 'अ‍ॅटिक रात्री' नावाचा टिपणांचा ग्रंथ लिहिला. त्यात एक प्रसंग आहे. फ्रोंतो नावाचा बडा वक्ता, पुढं सम्राट झालेल्या मार्कस ऑरेलिअसचा गुरू. त्याच्या घरी वाद चाललाय. वाद कशावर? वाळूवर. लॅटिनमध्ये वाळू म्हणजे 'हारेना'. ह्या शब्दाचं अनेकवचन करावं की नाही! ज्युलियस सीझरने व्याकरणावर पुस्तक लिहून म्हटलं होतं की करू नये. भोसरीच्या फाउंड्रीत मोल्डिंगला काम करणाऱ्यांना विचारा, वाळू नाकात गेली की अनेकवचन होतं की नाही ते. ह्याच हारेनावरनं 'अरीना' आलं, कारण कुस्तीच्या, कत्तलीच्या आखाड्यात रक्त शोषायला वाळू पसरायचे. त्या वाळूत गुलाम मरत होते आणि इथं तिचं अनेकवचन चाललं होतं.

तर शेवटी फ्रोंतो त्या मंडळींना सांगतो की जुने वक्ते, जुने कवी तपासा, हा शब्द कुणी तसा वापरलाय का बघा. पण कुणाचा दाखला चालेल? जो लेखक 'क्लासिकुस' आहे त्याचा. म्हणजे पहिल्या क्लासचा, वरचा कर भरणारा. प्रोलेतारिउस लेखकाचा चालणार नाही. अगदी हेच दोन शब्द समोरासमोर ठेवलेत. चांगल्या लेखकाला 'क्लासिक' म्हणायला सुरुवात झाली ती इथून. रसातून नाही, सौंदर्यातून नाही, तलाठ्याच्या वहीतून. त्याच वाक्यात तिसरा एक शब्द येतो, 'असिदुउस', म्हणजे जमीनजुमला असलेला करदाता. इंग्रजीत त्याचाच 'असिड्युअस' झाला आणि अर्थ काय झाला? मेहनती! ज्याच्याकडे मालमत्ता तो मेहनती. आणि राबणारा मात्र प्रोलेतारिउस.

म्हणून सत्तरच्या दशकात दलित कविता पहिल्यांदा छापून यायला लागली तेव्हा प्रस्थापित समीक्षक जे विचारत होते, हे साहित्य आहे का, ह्याला व्याकरण आहे का, हे टिकेल का, तो प्रश्न त्यांचा नव्हताच. तो फ्रोंतोच्या दिवाणखान्यातला प्रश्न होता. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला. विजय तेंडुलकरांनी प्रस्तावना लिहिली, आणि त्यातले कितीतरी शब्द आपल्याला माहीत नाहीत हे कबूल केलं. मला ह्याचं कौतुक वाटतं. क्लासिकुसने प्रोलेतारिउसला शब्दांचे अर्थ विचारले, असं फार वेळा घडत नाही. अण्णा भाऊ साठे तर शाळेत दीड दिवस बसले. क्लासमध्ये दीड दिवस! बाकीचं आयुष्य क्लासच्या बाहेर, आणि कादंबऱ्या पस्तीसच्या आसपास.

पुढं युरोपात 'क्लास' शाळेत शिरला, मग एकोणिसाव्या शतकापर्यंत गिरणीत, आगगाडीत, चळवळीत. त्याचा इतिहास मोठा आहे, मी तो सोडून देतो. मला तो मराठीत आल्यावर त्याचं काय झालं ते सांगायचंय.

'क्लास'ला आपण म्हटलं 'वर्ग'. वर्ग हा संस्कृत शब्द, त्याचा धातू 'वृज्'. बाजूला सारणं, टाळणं. 'वर्ज्य' त्याच धातूचा. वर्ग आणि वर्ज्य ही सख्खी भावंडं! 'वर्गणी'सुद्धा ह्यातलीच, आणि हे मासिक वर्गणीवर चालतं, म्हणून ह्यावर मी जास्त बोलत नाही.

आणि 'क्लासिकल'ला आपण म्हटलं 'अभिजात'. आपट्यांचा संस्कृत कोश काढा. अभिजात म्हणजे उच्च कुळात जन्मलेला, कुलीन. शब्द फोडा: अभि, आणि पुढं काय? जात. हा शब्दाचा खेळ नाही, धातू एकच आहे, जन्, जन्मणं. आपल्या दाखल्यावरची जात आणि फ्लेक्सवरच्या अभिजातातली जात एकाच धातूच्या. रोमच्या शब्दात माणसाची थैली मोजली होती. मराठीने त्याच जागी माणसाची कूस मोजली. रोमहून पुण्यात येईस्तोवर शब्दाला जात लागली.

हा फरक लहान नाही. रोममध्ये साधारण पाच वर्षांनी मोजणी व्हायची. चार पैसे मिळवले तर पाचव्यातला चौथ्यात जाईल, चौथ्यातला तिसऱ्यात. परंपरा तर सांगते की क्लास पाडणारा तो सर्व्हिउस राजा स्वतः बटकीच्या पोटचा होता. आपल्याकडे बटकीच्या पोटच्याने मोजणी केली असती? बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात जातींवरचा निबंध वाचला. वय पंचवीस. आज इथं बसलेल्या कित्येकांएवढं. त्यात त्यांनी मांडलं की जात म्हणजे स्वतःभोवती कुंपण घालून घेतलेला वर्ग. आधी एकाने दार लावून घेतलं, मग ते बघून बाकीच्यांनी, आणि काहींना दार लावलेलंच आढळलं कारण ते बाहेर राहिले होते. क्लास हा जिना आहे, त्याच्या पायऱ्या घाणेरड्या असतील, पण पाय ठेवता येतो. जात हा बिनजिन्याचा माळा.

इंग्रजांनी आपल्याला आधी 'डिप्रेस्ड क्लासेस' म्हटलं. 'डिप्रेस्ड' पण लॅटिनच, खाली दाबलेला. 'दलित' ह्याचा अर्थ त्याला फार जवळचा. मग १९३५ च्या कायद्यात 'शेड्यूल्ड कास्ट' झालो. क्लासचे कास्ट झालो. ते 'कास्ट' पोर्तुगीजांच्या 'कास्ता'वरनं आलं. पुष्कळ कोश त्याचं मूळ लॅटिन 'कास्तुस', म्हणजे शुद्ध, असं देतात. काही भाषापंडितांना ते मान्य नाही, ते वेगळं मूळ सांगतात. त्यांचं त्यांना मिटवू द्या.

१९७४ साली पँथर फुटली. राजा ढाले एकीकडे, नामदेव ढसाळ दुसरीकडे. भांडणं पुष्कळ होती, पण वरचं भांडण ह्याच दोन शब्दांचं. क्लास की कास्ट. मार्क्स की बुद्ध. मी तेव्हाचा नाही, त्यामुळं कुणाला निकाल देत नाही. पण शिफ्ट सुटल्यावर बसमध्ये बसलो की एवढं दिसतं: पर्मनंटवाल्यांची बस वेगळी, ठेकेदाराची वेगळी, हा क्लास. आणि ठेकेदाराच्या बसमध्ये नवीन पोरगा चढला की शेजारचा विचारतो, आडनाव काय रे तुझं. ही कास्ट. दोन्ही एकाच बसमधनं प्रवास करतात.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, अभिजात दर्जा परत करायचा? मुळीच नाही. मी उलटं सांगतोय. पुरावा बघा. पठारे समितीने २०१३ च्या अहवालात मराठीचं वय दाखवलं ते कशाच्या जोरावर? प्राकृताच्या. महाराष्ट्री प्राकृत, गाथासप्तशती, नाणेघाटातला सातवाहनांचा लेख. आणि प्राकृत ही कुणाची भाषा? संस्कृत नाटक काढून बघा. राजा बोलतो संस्कृत, ब्राह्मण मंत्री बोलतो संस्कृत. बायका, नोकर, कोळी, पहारेकरी बोलतात प्राकृत. म्हणजे ज्या बोलीला कुलीनांच्या तोंडात जागा नव्हती, तिच्या वयावर मराठी कुलीन ठरली. आपल्या शेजारच्या देहूचंच घ्या. तुकोबा शूद्र, त्यांना अधिकार नाही म्हणून वह्या इंद्रायणीत बुडवायला लावल्या. आज मराठीचं मोठेपण सांगायला पहिलं नाव त्यांचं घेतात.

नाणेघाटातला लेख राणी नागनिकेचा. त्यात यज्ञ किती केले, दक्षिणेत गाई किती हजार दिल्या, त्याची यादी आहे. मला त्यापेक्षा कार्ल्याच्या लेण्यातले लेख जवळचे वाटतात. तिथल्या चैत्याच्या दाराशी एका सुताराचं नाव कोरलंय. सामी, वेणुवासाचा पोरगा, धेनुकाकट गावचा. दाराचं काम त्याने केलं. तिथंच सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याचं दान. जुन्नरला जा, बांबूकाम करणाऱ्यांच्या, काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या, धान्यवाल्यांच्या श्रेणींची नावं. श्रेणी म्हणजे तेव्हाची त्यांची संघटना. सुताराला त्या लेखात 'वढकी' म्हटलंय. विदर्भात अजून सुताराला 'वाढई' म्हणतात. दोन हजार वर्षं तो शब्द माणसांच्या तोंडात राहिला, फ्लेक्स नसताना.

शेवटचं सांगतो. मराठीला दर्जा मिळाला त्याच दिवशी, त्याच बैठकीत, पालीलाही मिळाला. बुद्धाची पाली. आणि पालीत 'अभिजाति' हा शब्द आहे. अंगुत्तर निकायात छळभिजाति सुत्त म्हणून एक सुत्त आहे. पूरण कस्सप नावाच्या आचार्याने सगळ्या माणसांच्या सहा अभिजाति पाडल्या होत्या, रंगावरून. काळी, निळी, तांबडी, पिवळी, पांढरी, आणि अतिशुभ्र. काळीत कोण? खाटीक, पारधी, कोळी, चोर, तुरुंगाचे शिपाई. अतिशुभ्रात कोण? तीन संन्यासी आचार्य. वर्गवारी करणारे वरची खोली नेहमी आपल्यासारख्यांसाठीच राखून ठेवतात. आनंद हे बुद्धाला येऊन सांगतो. बुद्ध पहिलं काय विचारतात? ही वर्गवारी करायला ह्याला साऱ्या जगाने सांगितलं होतं का? आनंद म्हणतो, नाही. तेव्हा बुद्ध म्हणतात, हे म्हणजे एखाद्या गरिबाच्या गळ्यात त्याला नको असताना मांसाचा तुकडा मारायचा, आणि वर म्हणायचं, खा आणि पैसे दे.

मग ते हीनकुळं म्हणून समाज ज्यांना मोजत होता त्यांची नावं घेतात. चांडाळ, निषाद, वेण म्हणजे बांबूकाम करणारे, पुक्कुस, आणि रथकार. आणि सांगतात की ह्यांच्यात जन्मलेला माणूस काळं करील, पांढरं करील, किंवा दोन्हीच्या पलीकडं निब्बाणापर्यंत जाईल. जन्म त्याला अडवू शकत नाही.

रथकार, मित्रांनो! गाड्या बनवणारे! पिंपरीपासून चाकणपर्यंत दुसरं कोण राहतंय? आकुर्डीत स्कूटर झाली, पिंपरीत ट्रक झाला, चाकणला मोटारी होतायत. ज्या भाषेत आपली नोंद हीनकुळात आहे, ती भाषा आता सरकारदरबारी क्लासिकल आहे. १९५४ च्या २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली, आपल्या इथून लोकलची चारदोन स्टेशनं. त्या विहारात पालीतनं वंदना म्हणणारा प्रत्येक हेल्पर, प्रत्येक झाडूवाली ती भाषा तोंडपाठ बोलत आलीय. त्यासाठी कुणी क्लास लावला नव्हता.

माझं बोलणं झालं. आता कार्ल्याचं. पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी जायचं ठरलंय. सकाळची लोणावळा लोकल, मळवलीला उतरायचं, पुढं पायी. आपल्यातल्या एका मुलीला ब्राह्मी वाचता येते, ती दाराजवळचा सुताराचा लेख वाचून दाखवणार आहे. वर एकविरेच्या दर्शनाची गर्दी असते, तेव्हा लवकर पोचायला हवं. सी-शिफ्टवाल्यांनी घरी न जाता थेट स्टेशनवर यावं, लोकलमध्ये झोपता येईल. डबा घरनं आणा. वर्गणी ज्याला जमेल त्याने द्या, ज्याला काम नाही त्याने देऊ नये. जयभीम.